थोरलीला नमस्कार

मुचानेटाचा ओठ फुटला, दातांवर रक्त आलं, आणि माळावर उभे असलेले सगळे पुरुष पोट धरधरून हसले.

झांबेझीच्या खोऱ्यातल्या त्या वनचौकीवर नव्या माणसाचा पहिला दिवस असाच साजरा व्हायचा. चौकीत मोठ्या शिकारीच्या दोन रायफली होत्या. एक चारशे अठ्ठावन्न बोरची, तिला सगळे थोरली म्हणत. दुसरी तीनशे पंच्याहत्तरची, ती धाकटी. नव्या माणसाला लाकडी मेजामागे खुर्चीवर बसवायचं, थोरली हातात द्यायची आणि पहिला बार काढायला लावायचा. याला नाव होतं थोरलीला नमस्कार. कुणी खुर्चीसकट उलटा पडे, कुणाची टोपी उडे, आणि पुढे आठवडाभर चौकीला हसायला विषय मिळे. यातून त्या माणसाला नेमकं काय शिकवलं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"बसला का मुका?" वॉर्डन ग्वातिझो म्हणाले. "थोरली सगळ्यांचा घेते. तुझा जरा जोरात घेतला."

मुचानेटा रक्त गिळून उठली. उजवा दंड बधिर झाला होता. थोरलीचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता कुण्या ताडमाड गोऱ्या शिकाऱ्याच्या हाताच्या मापाने केलेला, आणि त्याच्या टोकाला लोखंडी पट्टी. मुचानेटाच्या खांद्याच्या खळगीत तो दस्ता बसतच नव्हता, सरकून दंडाच्या हाडावर जात होता. गाल टेकायला तिला मान ताणावी लागत होती. त्यात खुर्चीवर बसलेलं. उभ्या माणसाचं अंग धक्क्याबरोबर थोडं मागे झुलतं, बसलेल्याचं कुठे जाणार? सगळा दणका तिने हाडावर झेलला होता.

"साहेब, हिचा दस्ता मला लांब पडतो," ती म्हणाली.

"दस्ता लांब नाही, तुझा हात आखूड आहे," वॉर्डन म्हणाले, आणि पुन्हा हशा पिकला.

मुचानेटा काही हौसेने तिथे आली नव्हती. वनरक्षक म्हणून तिची निम्मी नोकरी पायी गस्त घालण्यात गेली होती. हत्तीच्या लिदीवरून कळप कधी गेला हे ती चालता चालता सांगे. तिच्या वाडीच्या शेतांत मका दाणे धरू लागला की हत्ती उतरत. शेतातल्या हत्तीवर बार काढायचा हुकूम जिल्ह्याच्या माणसालाच होता, म्हणून मग जिल्ह्याच्या गावी निरोप जायचा, आणि तिथला रायफलवाला येईपर्यंत बायकांनी पत्र्याचे डबे बडवत रात्री काढायच्या. गेल्या हंगामात तो आला तेव्हा चेनेसाईला पुरून झालं होतं. चेनेसाई मुचानेटाची शेजारीण. डबा हातात घेऊन ती मक्यात शिरली होती. आलेल्या माणसाने टोपी काढली, वाट पाहायला लावल्याबद्दल एक शब्द बोलला नाही, आणि जेवून गेला.

त्या वर्षी पहिल्यांदा ठरलं की वाडीचं स्वतःचं रायफलवालं माणूस असावं. चाचणी पास होईल त्याच्या नावावर चौकीतली एक रायफल कायमची लागणार. वाडीतून मुचानेटाचं नाव गेलं. ती नापास झाली, तर रायफल चौकीतच राहणार आणि बायका डबेच बडवणार, एवढं साधं होतं.

आणि ती नापास होणार अशी चिन्हं दिसू लागली. रोज सकाळी थोरली, रोज तीच खुर्ची. पहिल्या दिवसानंतर तिचं अंग बार निघायच्या आधीच आक्रसू लागलं. डोळे मिटत. गोळी कागदावरच्या हत्तीच्या पायाशी मातीत जाई. संध्याकाळी कालवण ढवळताना चूल तडतडली तरी तिचा खांदा उडे, आणि त्याचा तिला स्वतःचाच इतका संताप येई की ती पळी आपटून बाहेर जाऊन उभी राही.

चौकीवरच्या जुन्या लोकांनी उपाय सांगितला: एलंड हरणाची चरबी गरम करून चोळ. सगळे शिकारी तेच करतात. आता मुचानेटाचं देवक एलंड. त्या कुळातल्या बायकांना तिकडे चिहेरा म्हणतात, आणि चिहेरा म्हटलं की समोरचा जरा जपूनच बोलतो. देवकाचं मांस खायचं नाही, चरबी अंगाला लावायची नाही, हे सांगणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तरी सांगत होते.

"मग तुझा खांदा देवाच्या हवाली," एक जण म्हणाला.

"तुझी जीभ कुणाच्या हवाली आहे?" मुचानेटाने विचारलं. पण घरी जाऊन तिने नुसता गरम पाण्याचा फडका दंडावर ठेवला. दंड जांभळा-हिरवा झाला होता.

आत्या म्हणाली, "सोड ना गं. बाईची हाडं पोकळ असतात."

"आत्या, याच हाडांवर तू मला लहानपणी नदीवरून पाण्याचे हंडे आणायला लावलेस. तेव्हा पोकळ नव्हती?"

आत्याने फडका पिळून पुन्हा ठेवला.

एका सकाळी जुन्या खोक्यातलं काडतूस फुटलंच नाही. घोडा दाबला, नुसता 'टक्' असा आवाज झाला. धक्का बसला नाही, धूर नाही, आणि तरीही थोरलीच्या नळीचं तोंड झपकन खाली गेलेलं सगळ्यांनी पाहिलं. मुचानेटानेही पाहिलं. तिनेच ते खाली ढकललं होतं, येणार म्हणून धरलेल्या धक्क्याला भिऊन.

"बघा!" वॉर्डन टाळी वाजवून म्हणाले. "रायफल निर्दोष आहे. दोष कुठे आहे ते दिसलं ना?"

"मला धाकटी द्या, साहेब. कायद्याने हत्तीला तीही चालते."

"कायद्याने चालते गं. पण धाकटीने हत्ती मारणं म्हणजे सासूच्या पाठीवर फूल मारणं. आपल्या खोऱ्यातला माणूस थोरलीनेच सुरुवात करतो. मी केली, माझ्या साहेबांनी केली."

तिने न फुटलेलं काडतूस बाहेर काढलं. नळी खाली गेली हे खरं, त्याची तिला लाज नव्हती. ती विचार करत होती ती दुसऱ्याच गोष्टीचा. फुटेल अशा खात्रीने धरलेली रायफल फुटली नाही, असं या बाकीच्यांच्या बाबतीत कधी झालं होतं का? बार निघाला की कुणाचं काय हललं ते धुरात आणि दणक्यात दिसतंच कुठे? ती न फुटलेलं काडतूस खिशात घालून घरी गेली.

'तुम्हीही दचकता का ते दाखवा' असं वॉर्डनना तोंडावर सांगू शकेल असा सगळ्या खोऱ्यात एकच माणूस होता. ग्वातिझोंच्या घराण्याचा साहविरा, म्हातारा तवेंगवा. साहविरा म्हणजे पिढीजात ठरलेला मित्र. त्याने घरच्यांची वाटेल ती टिंगल करावी, मयताच्या दारात मेलेल्याची नक्कल करावी, चुलीवरचं भांडं उचलून न्यावं. त्याच्यावर रागवायचं नाही. रागावलात तर दंड म्हणून कोंबडी द्यायची. तवेंगवाने ग्वातिझोंच्या अशा कोंबड्या खाल्ल्या होत्या.

मुचानेटा त्याच्याकडे तपकिरीची पुडी घेऊन गेली. त्याने सगळं ऐकलं, दोन चिमट्या ओढल्या, शिंकला.

"चिहेरा, तू मला माझ्या मित्राची अब्रू घ्यायला सांगतेस."

"हो."

"मग उद्याच येतो. परवा पाऊस पडला तर?"

दुसऱ्या दिवशी तवेंगवा माळावर हजर. हातात काठी, डोक्यावर बायकोची गवती टोपी. आल्याआल्या तो वॉर्डनच्या खुर्चीत बसला.

"ए सिंहा," तो ओरडला. ग्वातिझोंचं देवक सिंहाचं. "तुझ्या बापाला मी पुरला. कुत्रं भुंकलं की खाटेखाली जायचा बिचारा. तू त्याच्यावर गेलास की नाही, बघायला आलोय."

लोक खिदळले. वॉर्डनही हसले, हसावंच लागतं. "काय हवंय तुला, म्हाताऱ्या?"

"तू थोरली चालव. काडतुसं ही बाई भरेल. तू बघायचं नाही. मी नळीच्या तोंडाकडे बघतो."

"त्यात काय?" वॉर्डन म्हणाले, आणि रायफल घेतली.

मुचानेटाने पाठ फिरवून काडतूस भरलं. पहिला बार निघाला. कागदी हत्तीच्या कपाळात भोक पडलं. वॉर्डननी मान ताठ केली. दुसरं भरलं. तेही कपाळात. तिसऱ्या वेळी तिने खिशातलं ते मेलेलं काडतूस आत सरकवलं.

टक्.

थोरलीचं तोंड खाली गेलं. मुचानेटाचं गेलं होतं तितकं नाही, पण गेलं. आणि त्याच्याबरोबर वॉर्डनच्या पापण्या गच्च मिटलेल्याही सगळ्यांनी पाहिल्या.

माळावर कुणी हसलं नाही. तवेंगवा मात्र खुर्चीवरून खाली घसरला, मातीत लोळला, छाती पिटू लागला. "गेला गं माझा सिंह! मांजर झालं त्याचं!" मग उठून त्याने ग्वातिझोंची नक्कल केली: काठी खांद्याला, पोट पुढे, डोळे मिटलेले. आता जमावाला हसू आवरेना. एकेकाला पुढे ओढून तवेंगवाने बार काढायला लावले, आणि मुचानेटाने कुणालाही न सांगता मधेच ते काडतूस भरलं. एकाची तर नळी मातीत टेकायची बाकी राहिली. चरबी लाव म्हणून सांगणारा तोच.

वॉर्डन कोंबडीच्या धाकाने हसत होते, पण कानशिलं लाल झाली होती. "घे बाई ती धाकटी," ते म्हणाले. "घे आणि गप्प बस."

धाकटी आखूड होती. मुचानेटाने ती खांद्याला लावली आणि गाल आपोआप लाकडावर टेकला. तिने ती उभ्याने चालवली, डावा पाय पुढे, अंगाचा भार पुढच्या पायावर, दस्ता खांद्यात घट्ट ओढलेला. धक्का बसला. चांगलाच बसला, धाकटी म्हणजे काही खेळणं नव्हे. पण तो सगळ्या अंगाला बसला, एका हाडाला नाही. मात्र शिकलेली भीती अंगातून लवकर जाईना. रोज घरी ती रिकामी रायफल भिंतीवरच्या खुणेवर धरून घोडा ओढत राही, पुन्हा पुन्हा, नळी हलायची थांबेपर्यंत. माळावर थोडेच बार काढी आणि खांदा दुखायच्या आत थांबे. एवढं साधं काम पहिल्याच दिवशी करता आलं असतं. आत्या दारात बसून शेंगा सोलत नळीकडे बघे आणि म्हणे, "हलली." मग कितीतरी दिवसांनी ती काहीच म्हणाली नाही.

चाचणीला प्रांताहून परीक्षक आले. कमी बोलणारे, चष्मा पुसत राहणारे. मुचानेटाने कागदी हत्तीला उभ्याने दोन गोळ्या घातल्या, दोन्ही योग्य जागी. मग चाकांवरचा पत्र्याचा हत्ती दोरीने तिच्या अंगावर ओढत आणला, आणि तिने तो येता येता टिपला. डोळे उघडे होते. परीक्षक भोकाजवळ जाऊन वाकले, बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "पास."

वाडीच्या बायकांनी आरोळी ठोकली. वॉर्डन ग्वातिझो लगबगीने पुढे आले. "माझीच विद्यार्थिनी," ते परीक्षकांना सांगू लागले. "पहिल्या दिवसापासून थोरलीवर घातली होती तिला. त्यानेच तर घट्ट झाली."

मुचानेटाच्या हातात धाकटी होती. तिने ती नीट उघडून रिकामी केली, कारण चिडलेल्या हातात भरलेली रायफल नको हे तिला कळत होतं.

"थोरलीने मला घट्ट केलं नाही, साहेब," ती म्हणाली. "तिने मला भ्यायला शिकवलं. ते विसरण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. मी नापास झाले असते, तर तुम्ही म्हणाला असतात, बाईची हाडं. आणि आमच्या बायका मक्यात मेल्या असत्या."

वॉर्डन मोठ्याने हसले, तवेंगवाशी हसत तसेच.

"हसू नका," मुचानेटा म्हणाली. "मी तुमची साहविरा नाही. मी हे थट्टेत बोलत नाहीये."

वॉर्डनचं हसू तोंडावरच थांबलं. परीक्षकांचा चष्मा पुसणारा हातही थांबला.

"मग काय हवं तुला? रायफल तर मिळाली."

"खुर्ची आणि मेज आजच हलवा. पहिल्या दिवशी कुणाच्याही हातात थोरली द्यायची नाही. तिचा दस्ता कापा, टोकाला रबर लावा."

"बघू," वॉर्डन म्हणाले.

खोऱ्यात 'बघू' म्हणजे काय हे मुचानेटाला ठाऊक होतं. ती चौकीच्या पायरीवर बसली, धाकटी मांडीवर आडवी ठेवली. बायका म्हणाल्या, "चल गं, घरी जाऊ, मक्याच्या पिठाचा सादझा रटरटत ठेवलाय, तुझ्यासाठी कोंबडी कापलीय." ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." आत खोलीत वॉर्डन येरझाऱ्या घालत होते, पावलं ऐकू येत होती. थोड्या वेळाने ते दारात आले, पायरीवर अडून बसलेल्या बाईकडे पाहिलं, आणि तिला ओलांडून जाता येईना म्हणून दारातूनच शिपायाला हाक मारली, "अरे, ते मेज उचला आधी."

"खुर्चीपण," मुचानेटा म्हणाली, आणि जागची हलली नाही.