पहिली सही

“आंटी, बसायचं असेल तर घरी बसा.”

असं म्हणत मॅनेजरने गिऱ्हाइकांसमोर माझ्याखालचा क्रेट ओढून घेतला. भूगावचं मोठं दुकान, माझं बिलाचं काउंटर. मी भिंतीला धरून उठले. “सॉरी सर,” म्हणाले. चांगल्या इंग्रजीत.

नातवंडांनो, हे मी तुमच्या आईलाही फोनवर सांगितलेलं नाही.

नऊ तास उभं राहायचं. पाय सुजतात, त्याची सवय होते. त्या दिवशी झोंबलं ते दुसरंच. काही महिन्यांपूर्वी त्याने आम्हा सगळ्या बायकांच्या एका इंग्रजी कागदावर सह्या घेतल्या होत्या. वाचून दाखवायला मला उभं केलं होतं. बसायची सोय नाही याबद्दल आमची तक्रार नाही, असं त्यात होतं. मी बायकांना एवढंच म्हणाले, “नुसती फॉर्मॅलिटी आहे, करा.” माझ्या शिक्षणाकडे बघून त्यांनी केल्या.

युनियनच्या ताई गेटवर पत्रकं वाटायच्या. वर कॅमेरा. कोणी हात पुढे करत नसे. मग भाजी विभागातल्या रंजनाने माण गावात तिच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं आणि ताईंनाही बोलावलं. हळदीकुंकवाला कोण अडवणार? तुमचे आजोबा गेल्यापासून मला अशी बोलावणी येत नाहीत. रंजना म्हणाली, “कुकवाचं ऱ्हाऊ द्या बाई. तुमी या. लई काम हाय तुमचं.”

तिळगूळ वाटून झाला. ताईंनी युनियनच्या सभासदत्वाचे अर्ज काढले. 

“आन नोकरी गेली मंग?” एकीने विचारलं.

“जाऊ शकते,” ताई म्हणाल्या. “खोटं कशाला सांगू? पण एकटीची लवकर जाते.”

रंजनाने एक अर्ज माझ्यापुढे सरकवला. “वाचा बाई. आन ह्या टायमाला समदं सांगा.”

अर्ज मराठीत होता. त्यांना वाचता येत होतं. तरी मलाच वाचायला लावला. मी ओळन् ओळ वाचली. मागच्या वेळी मी तुम्हाला फसवलं, असं म्हणाले आणि पहिली सही केली. मग रंजनाने. मग सात जणींनी. दोघी सही न करताच चपला घालून निघून गेल्या.

सोमवारपर्यंत मॅनेजरला कळलं होतं. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. “और कौन कौन है, आंटी?”

“माझं नाव लिहून घ्या,” मी म्हणाले. मराठीत.

आता माझी ड्यूटी रोज बदलते. नोकरी राहील की नाही, माहीत नाही. मी थकले आहे. रविवारी त्या दोघींच्या घरी अर्ज घेऊन जाणार आहे. नाही म्हणाल्या तर पुढच्या रविवारी परत जाईन.