शिट्टी नको, आकडा सांगा

माझं पोस्टिंग नाशिकला आलं तेव्हा घरचे खूश झाले. तोफखान्यात भरती होऊन मला तेव्हा बारा वर्षं झाली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमची द्राक्षबाग निफाडला. कॅम्पातून एसटीने तासाभरात घर. हुद्दा हवालदार, काम रंगरुटांना, म्हणजे नव्या भरतीच्या पोरांना, शिकवायचं. रंगरूट आम्हाला उस्ताद म्हणत.

सकाळी पीटी, मग ड्रिल, मग हत्यारं, दुपारी क्लास, संध्याकाळी खेळ. पोरं जमिनीवर पडेपर्यंत पळवायची आणि पडली की उठवायची. मी ते काम चांगलं करत होतो असं सगळे म्हणत. मलाही तसंच वाटायचं.

तोफखान्यात सगळेच तोफ डागत नाहीत, हे बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. कोणी गनर असतो, कोणी ड्रायव्हर, कोणी ऑपरेटर, म्हणजे वायरलेसवाला. याला ट्रेड म्हणतात. एकदा ट्रेड लागला की बहुतेकांची सगळी नोकरी त्यातच जाते. बेसिक ट्रेनिंग संपताना ट्रेड ठरायचा.

आमच्या कॅप्टन साहेबांची एक पद्धत होती. प्रत्येक रंगरूट त्यांच्यासमोर एकटा उभा राहणार. मला काय जमतं, काय जमत नाही, कोणता ट्रेड हवा, हे त्यानं स्वतः सांगायचं. साहेब म्हणायचे, "लड़के को उससे ज़्यादा कौन जानता है?" आज कॉलेजात याला स्वमूल्यमापन म्हणतात. तेव्हा आम्हाला तो शब्द माहीत नव्हता.

पद्धत चांगली होती. ती आम्ही उस्तादांनी नासवली.

कोणत्या ट्रेडला किती पोरं लागणार हे आधीच वरून आलेलं असायचं. त्यामुळे आदल्या दिवशी आम्ही पोरांना बॅरेकमागच्या चिंचेखाली बसवायचो आणि उद्या कोणी काय बोलायचं ते पाठ करून घ्यायचो. साहेबांना वाटायचं, पोरं मनातलं बोलतायत. पोरांच्या तोंडून मीच बोलत असायचो.

त्या बॅचमध्ये रामदास होता. नांदगावकडचा. बारीक, काळासावळा, कान थोडे बाहेर आलेले. चिंचेखाली मी त्याला ड्रायव्हर म्हटलं तसा तो उभा राहिला.

"उस्ताद, एक इनंती हाय."

"बोल."

"मला डायव्हर नका करू. घाटात मला लय गरगरतं."

पोरं हसली. त्याच्याच गावचा एक जण म्हणाला, "उस्ताद, वणीच्या गडावर जाताना यानं कंडक्टरचा शर्ट धुवायला लावला होता."

"मग ट्रॅक्टर कोण चालवत होतं? तुझी आजी?" मी विचारलं.

"ट्रॅक्टर मीच. पण नांदगावच्या यार्डापर्यंत. त्यात कुठं दरी हाय?"

पुन्हा हशा. मीही हसलो. म्हटलं, "मग तुला येतं तरी काय?"

"आकडा, उस्ताद. एकदा कानावर पडला की जात नाय."

त्याचा बाप यार्डात कांद्याचा लिलाव पुकारायचा. हा लहानपणापासून शेजारी उभा. कुठल्या ट्रॉलीला कुणी किती बोली लावली हे बाप त्याला विचारायचा. मी गंमत म्हणून तोंडाला येतील ते आठ आकडे बोललो आणि मैदानाला चार चकरा मारायला लावल्या. परत आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं इतका दम लागला होता. आकडे त्यानं बरोबर सांगितले. मग न विचारता उलटेही सांगितले.

ऑपरेटरचं काम हेच असतं. पुढच्या चौकीवरून वायरलेसवर आकडे येतात, ते ऐकून तोफांना जसेच्या तसे द्यायचे. एक आकडा चुकला तर गोळा आपल्याच माणसांवर. असा पोरगा शोधून मिळत नाही, हे मला त्या क्षणी कळलं होतं. हे मुद्दाम लिहितो. मला कळलं नव्हतं असं नाही.

पण माझ्या स्क्वाडमध्ये ड्रायव्हर एकानं कमी पडत होता आणि स्टेअरिंग हातात धरलेलं दुसरं पोरगं नव्हतं. यादी अडली तर सुभेदार साहेब रजा अडवणार होते. बागेत माल तयार होता. खुडणीला मजूर आलेले, वडील एकटे. मला निफाडला जायचं होतं. कारण एवढंच.

मी म्हटलं, "गरगरणं सगळ्यांना असतं. सवय होते. उद्या साहेबांसमोर काय बोलायचं?"

तो खालचे चिंचोके बघत राहिला.

"बोल."

"सर, मुझे ड्राइविंग का शौक है."

"जोरात."

त्यानं जोरात म्हटलं. चिंचेवरचे कावळे उडाले, तेव्हा पोरं तिसऱ्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांसमोर तसंच बोलला. साहेबांनी विचारलं, "कोई कमी? कोई डर?"

"नहीं, सर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा त्यांना काहीतरी जाणवलं असावं. "उस्ताद, आपको क्या लगता है?"

"फिट है, सर."

दोन दिवसांनी मी बागेत कात्री घेऊन उभा होतो. घड चांगले भरले होते.

नाशिकचा काळ संपला आणि मी माझ्या रेजिमेंटला परतलो. ती तेव्हा सिक्कीमला होती. पहिल्याच संध्याकाळी एमटी पार्कमध्ये, म्हणजे गाड्यांच्या तळावर, कोणीतरी मागून ओरडलं, "राम राम, उस्ताद!" रामदास. अंगानं भरला होता. ज्या पोराच्या मनाविरुद्ध मी निर्णय घेतला, तो मला भेटून इतका आनंदला की मला बरं वाटलं. बघ, झाली की नाही सवय, असं मी मनात म्हटलं.

सवय झाली नव्हती. त्यानं उपाय काढला होता. तो दरीकडे बघायचाच नाही. पुढच्या गाडीच्या मागच्या फळीवर नजर ठेवायचा आणि तिच्यामागे जायचा. डॅशबोर्डवर लिंबू. घरून पार्सलमध्ये यायचं, इथे पोहोचेपर्यंत सुकायचं, तरी तो ते नाकाला लावायचा. सगळे त्याला निंबू ड्रायव्हर म्हणत.

एकदा मी म्हटलं, "काय रे निंबू, गाडी चालवतोस का सरबत करतोस?"

"गाडी तुम्ही दिली, उस्ताद. निंबू माझं."

मी हसलो. या वाक्यात आणखी काही आहे का, याचा विचार मी केला नाही.

तो हिवाळ्याचा दिवस होता. सहा थ्री-टन गाड्यांचा कॉन्व्हॉय वर जाणार होता. आमची तिसरी. आत तोफेचा दारूगोळा. व्हेइकल कमांडर मी, ड्रायव्हर रामदास, को-ड्रायव्हर गोपी, साताऱ्याचा.

फॉल-इनच्या, म्हणजे ओळीत उभं राहण्याच्या, आधी रामदास माझ्याजवळ आला. आवाज खाली होता.

"उस्ताद, आज गोपीला द्या ना गाडी. कालपासून डोकं जड हाय. रातभर पलंग फिरत होता."

गोपी नवा होता. त्याला त्या रस्त्याचा सराव नव्हता. कॉन्व्हॉयला उशीर झाला असता. मी म्हटलं, "अनफिट असशील तर लाइनमध्ये सांग. मला कशाला सांगतोस?"

लाइनमध्ये कॉन्व्हॉय कमांडर नायब सुभेदार साहेबांनी विचारलं, "ड्राइवर, कोई अनफिट?"

रामदासनं माझ्याकडे पाहिलं. मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. नाडी बांधलेलीच होती.

"सब फिट, साब," ओळीतून आवाज आला. त्यात त्याचाही होता. फौजेत या प्रश्नाला दुसरं उत्तर असतं, हे आम्ही कुणालाच शिकवलं नव्हतं.

निम्म्या वाटेवर कॉन्व्हॉय थांबला. पुढे दरड पडली होती आणि अजून दगड येत होते. वायरलेस सेटवर नायब सुभेदार साहेबांचा आवाज आला. "ऑल व्हीकल्स, आगे रोड बंद. पीछे चौड़ी जगह तक बैक करो. एक-एक करके. ओवर."

मागच्या तीन गाड्या उतरल्या. मग आमची पाळी.

पुढे जाताना रामदासला समोरच्या गाडीची फळी मिळायची. मागे घेताना त्याला आरशात बघावं लागणार होतं, आणि आरशात दरी होती. मी खाली उतरलो आणि गाडीच्या मागे जायला निघालो. बॅक करताना मागचा माणूस शिट्टीवर गाडी घेतो. छोट्या शिट्ट्या म्हणजे येऊ दे, लांब शिट्टी म्हणजे थांब. ही ड्रिल. मी स्वतः शेकडो पोरांना शिकवली होती.

रामदासनं खिडकीतून हाक मारली. तोंड पांढरं पडलं होतं.

"उस्ताद! शिट्टी नको, आकडा सांगा."

"काय?"

"काठ किती फूट राहिला ते ओरडा. दहा, आठ, सहा असं. मी आरशात बघत नाय. आकड्यावर बरोबर घेतो."

त्या पोरानं त्या क्षणी स्वतःला अचूक ओळखलं होतं. डोळा दगा देईल, कान देणार नाही. मला फक्त ओरडायचं होतं.

मी म्हटलं, "ड्रिल शिट्टीची आहे. नाटकं नकोत. घे मागे."

त्यानं मान आत घेतली. मग म्हणाला, "गोपी, उतर खाली."

"कशाला? मी बसतो की."

"उतर म्हणतो ना. तुझ्या वजनानं गाडी चढंना झालीये."

गोपी हसत उतरला.

मी शिट्टी वाजवायला लागलो. समोर डोंगराचा सरळ कडा होता. शिट्टी तिथं आपटून परत यायची. माझी कुठली आणि डोंगराची कुठली, हे खाली उभ्या असलेल्या मलाही कळत नव्हतं. गाडी सरळ येत होती. वळणावर तिचं मागचं टोक दरीकडे सरकलं. मी लांब शिट्टी दिली. गाडी थांबली नाही. मी ओरडलो, "रुको! रामदास, रुको!" तोपर्यंत मागचं चाक काठाबाहेर होतं.

आवाज फार मोठा झाला नाही. दारूगोळा फुटला नाही. आम्ही दोर लावून खाली उतरलो. तो केबिनमध्येच होता. दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. वर आणेपर्यंत दुपार झाली.

अपघाताच्या चौकशीसाठी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. अधिकारी सरळ माणूस होता. त्यानं जे विचारायला हवं तेच विचारलं.

"ड्राइवर ने अनफिट होने की रिपोर्ट दी थी?"

"लाइन में पूछा गया था, साब. फिट बोला था."

"ड्राइवर ट्रेड उसने खुद चुना था?"

"जी, साब. कैप्टन साहब के सामने."

"बैक करते समय गाइड था?"

"मैं था, साब. ड्रिल के मुताबिक."

कागदावर तिन्ही उत्तरं खरी होती. गोपीनं खिडकीतलं बोलणं ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, पण त्याला ते कुणी विचारलं नाही. चूक ड्रायव्हरची, असं लिहिलं गेलं. मी सही केली.

पुढे मी पेन्शनवर आलो आणि नाशिकला राहिलो. माजी सैनिक म्हणून शाळा-कॉलेजांत करिअरवर बोलायला बोलावणी येऊ लागली. मी पोरांना सांगायचो, स्वतःला ओळखा. टाळ्या पडायच्या. घरी आल्यावर जेवण जात नसे. बायको विचारायची, पित्त झालं का? मी हो म्हणायचो.

मग एकदा बोलावणं नांदगावहून आलं. भाषण झाल्यावर एक बाई पुढे आली. म्हणाली, "मी रामदासची थोरली बहीण. तुम्ही त्याचे उस्ताद ना? तो लय सांगायचा तुमचं."

मी तिच्या घरी गेलो. भिंतीवर त्याचा वर्दीतला फोटो होता, कान तसेच बाहेर. तिनं चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. चिंच, नाडी, शिट्टी, सही. चहावर साय धरली.

तिनं माझा कप थोडा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "आम्हाला कागद आला, त्यात त्याचीच चूक लिवली होती. आमचे वडील, अण्णा, मरेपर्यंत म्हणत होते, पोरानं गाडी नीट चालवली नाय, सरकारचं नुकसान केलं. लोकांत मान खाली घालायचे."

हे मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं मी फक्त रामदासचा हिशेब धरत होतो.

"ताई, मी लेखी देतो. जिथं द्यायचं तिथं."

"द्या. पण आता अण्णा कुठं हायेत वाचायला?" ती म्हणाली. मग फोटोकडे बघत विचारलं, "आकडा मागितला होता त्यानं?"

"हो."

"आणि तुम्ही दिला नाय."

"नाही दिला."

तिनं कप उचलला आणि आत नेला. परत बाहेर आली नाही. मी उठून आलो.

रेजिमेंटला मी लेखी कळवलं आहे. उत्तराची वाट बघतोय. गोपीला फोन केला. तो म्हणाला, "उस्ताद, मला वाटलंच होतं कधीतरी तुमचा फोन येईल."

आता पोरं आई-बापांना घेऊन माझ्याकडे येतात. भरतीला जाऊ का, काय होऊ, विचारतात. तुला काय आवडतं, हे मी विचारत नाही. ते पाठ केलेलं असतं. मी विचारतो, तुला गरगरतं कशानं? आई-बापांना बाहेर बसवतो आणि पोरगं बोलेपर्यंत थांबतो. काही फार वेळ गप्प बसतात. बसू देतो.

रामदासच्या गावात एसटी थांब्याजवळ त्याच्या नावाचा छोटा चौथरा आहे. तो गेला तो दिवस दरवर्षी येतो तेव्हा मी जातो. भाषण करत नाही. लोक गेले की सावधान उभा राहतो आणि त्यानं मागितलं होतं ते देतो, त्याला ऐकू जाईल इतक्या जोरात.

दहा. आठ. सहा. चार. बस, रामदास. थांब.