बारा सेकंदांची शाळा

ज्या माणसानं मला रॅप शिकवला, त्यानं आयुष्यात एकही रॅप धड ऐकला नव्हता.

आज नानांना जाऊन वर्ष झालं.

नाना म्हणजे माझे चुलते. चाळीस वर्षं बैलगाडा शर्यतीत माईकवर. जुन्नर-आंबेगावात असा घाट, म्हणजे गाडे पळवायची धावपट्टी नाही, जिथल्या भोंग्यातून त्यांचा आवाज आला नाही.

इंटरव्ह्यूत विचारतात, "तुझे इन्फ्लुअन्स कोण?" त्यांना परदेशातली नावं हवी असतात. मी सांगते, आमचे नाना. मग ते हसतात. हसू देत.

गाडा घाटात पळतो बारा-तेरा सेकंद. तेवढ्यात मालक, गाव, चारी बैलांची नावं, गाड्यापुढं पळणाऱ्या घोडीचं कौतुक आणि वर एक यमक. सगळं एका दमात.

ब्रेथ कंट्रोल, फ्लो, पंच हे शब्द मला स्टुडिओत कळले. शिकले मी गोठ्यात. नाना धार काढायचे आणि मी शेजारी उभी राहून गाडे पुकारायची.

"श्वास नावाच्या आधी घ्यायचा बाय, नावात न्हाई. नाव तुटलं की मालक वरीसभर तोंड दाखवत न्हाई."

कॉलेजला होते तेव्हाची गोष्ट. आमच्याच गावचा घाट. नाना चहाला उठले आणि माईक माझ्या हातात दिला.

पहिल्या सहा बाऱ्या मी उडवल्या. (गाड्याच्या एका धावेला आम्ही बारी म्हणतो.) पब्लिक शिट्ट्या मारतंय. मला चढली.

सातवा गाडा दोन मालकांत होता. पुढची जोडी पाव्हण्यांची, मागची आमच्या गावच्या श्रीपतभाऊंची. यमक जुळवायच्या नादात मी पाव्हण्यांचं नाव घेतलं आणि श्रीपतभाऊंचं खाल्लं.

आणि हे श्रीपतभाऊ यात्रा कमिटीचे अध्यक्ष! अंगावर भंडारा, तसेच तरातरा स्टेजवर चढले.

"माझी बैलं काय शोभेला जुंपली व्हती का? नाना, ही पोरगी परत या घाटात माईकवर दिसली नाय पायजे."

मी रडले. माफी मागायला त्यांच्या घरी निघाले, तर नानांनी अडवलं.

"माफी नको मागू. त्यांचं नाव घे. आसं घे, की तालुक्याला पाठ झालं पायजे."

तोवर मी हिंदीत मुंबईच्या पोरांची नक्कल करत होते. त्या दिवसानंतर पहिला मराठी ट्रॅक लिहिला. बीट हलगीचा, नाव श्रीपतभाऊंच्या बैलाचं.

"आला आला, श्रीपतभाऊंचा सोन्या आला,
बाजूला व्हा, धुरळा झाला!"

राव, लई वाजला! ट्रॅक्टरवर, वरातीत, आळेफाट्याच्या रसवंतीवर. तळेघरला शो केला, तर शाळेतल्या पोरी माझ्याआधी नावं म्हणत होत्या.

पुण्यात हॉल भरला तेव्हा नाना पहिल्या रांगेत, फेटा बांधून. शो संपल्यावर एवढंच म्हणाले, "एकबी नाव तुटलं न्हाई."

तेच माझं अवॉर्ड.

फक्त गावचा घाट मला बंद होता.

नानांचा आवाज बसला, तेव्हा त्यांनी श्रीपतभाऊंना एकदाच विचारलं, "पुढच्या यात्रेला पोरीला बसवू का?" भाऊंनी विषय बदलला. नाना ते मनात घेऊनच गेले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

परवा यात्रा होती.

सकाळी दारात श्रीपतभाऊ उभे. हातात गाडामालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या.

"चल बाय, गाडं जुंपल्यात. तुझ्या गाण्यानं माझा सोन्या माझ्यापेक्षा मोठा झाला. आता कुठल्या तोंडानं नाय म्हणू?"

दिवसभर पुकारलं. घसा गेला, पण हटले नाही. घाटाच्या कडेला आयाबाया शिट्ट्या मारत होत्या. माझी आई सगळ्यात पुढं.

शेवटची बारी झाली. चिठ्ठ्या संपल्या. श्रीपतभाऊंनी खूण केली, आता बंद कर.

मी माईक सोडला नाही.

चाळीस वर्षं ज्या माणसानं सगळ्यांची नावं घेतली, त्याचं नाव त्या भोंग्यातून कुणी कधी घेतलंच नव्हतं.

मी घेतलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट, गावासकट, एका दमात.



मग गाडा सुटताना पाडतात तो झेंडा श्रीपतभाऊंनी स्वतः हातात घेतला आणि रिकाम्या घाटात पाडला.

अख्खा घाट उठला, गाडा सुटल्यावर उठते तीच आरोळी. "भिर्रर्र!"

भावपूर्ण वगैरे मला लिहिता येत नाही.

नाना, तुमच्या पोरीचा रामराम घ्या.