काटा शून्यावर होता

एकवीस फेब्रुवारी. मोटारीत दोन जीव, मागून येणाऱ्या बसमध्ये एकेचाळीस. त्यांतला एकही गेला नाही. ही नोंद आधीच केलेली बरी, कारण पुढची हकीगत काटेवाले स्वतः हसत सांगतात, आणि ऐकणाऱ्याने हसावे की नाही या संकोचात पडू नये, अशी त्यांची इच्छा असते.

काटेवाले हे त्यांचे खरे नाव नव्हे. पण कोणी खऱ्या नावाने हाक मारली, तर आता तेही मागे वळून पाहतात की कोणाला बोलावले. सारे आयुष्य त्यांनी वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवले. किल्ल्या बनवणारा आणि तसबिरी मढवणारा यांच्या मधोमध त्यांचे अरुंद दुकान आहे. आत दगडी फरशीचे जड मेज आहे, म्हणजे रस्त्यावरून ट्रक गेला तरी काटा थरथरू नये. लाकडी पेटीत मखमलीच्या खळग्यांतून पितळी वजने ठेवलेली असतात. त्यांना बोट लावायचे नाही, चिमट्यानेच उचलायची. बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो, असे ते नव्या गिऱ्हाइकाला मोठ्या गांभीर्याने सांगतात. दुरुस्तीला आलेला काटा ते आधी पुसतात, मेजावर ठेवतात आणि त्यावर काहीही न ठेवता डोळे बारीक करून पाहतात. रिकाम्या पारड्याला काटा शून्यावर उभा असेल, तर यंत्र खरे बोलते आहे. नसेल, तर पुढच्या सगळ्या गोष्टी व्यर्थ. त्यांच्या विद्येचा हा पहिला धडा, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शेवटचाही, कारण त्यापुढे आपण काही शिकलोच नाही.

अशा या गृहस्थांनी, चष्म्याचा नंबर वाढला त्याच वर्षी, ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांकडून त्यांची जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार घेतली. रंग निळा, छत कापडाचे, उंची बेताची. ती दारात उभी राहिली तेव्हा त्यांची पत्नी पायरीवर येऊन बराच वेळ पाहत राहिली.

"म्हातारचळ म्हणतात तो हाच का?" तिने विचारले.

"अगं, कला आहे ही."

"हो का? मग भिंतीवर लावा."

मोटार तपासायला गॅरेजवाला आला. त्याने बॉनेट उघडले, बंद केले आणि सहज म्हणाला, "काका, इंजिन लहान आहे हिचं. ही पळते ती हलकी आहे म्हणून." दुसऱ्या कोणी ते ऐकून सोडून दिले असते. काटेवाल्यांना मात्र वाटले की, आपण जन्मभर ज्याची उपासना केली ते दैवत अखेर प्रसन्न झाले. वजन! त्या आठवड्यापासून ते मोटारीतून एकेक वस्तू काढू लागले. राखदाणी गेली. पायाखालचे गालिचे गेले. रेडिओ गेला. रस्ते हल्ली चांगले झाले आहेत, असा स्वतःच निर्वाळा देऊन त्यांनी जादा चाक काढले. डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून असलेली पत्नीच्या बाजूची झडपही काढली. स्वतःच्या बाजूची तशीच ठेवली, कारण चालकाला दिसले पाहिजे. काढलेली प्रत्येक वस्तू दुकानातल्या मेजावर तोलली जाई आणि तिचे वजन रात्री जेवताना घरात जाहीर होई.

"सगळं तोललंत," पत्नी एकदा म्हणाली. "स्वतःला कधी ठेवलंत काट्यावर?"

"चालकाचं वजन धरायचं नसतं."

"असं कोणी सांगितलं?"

"पद्धत आहे तशी."

ही पद्धत त्याच क्षणी, पोळीचा तुकडा तोंडात असताना जन्माला आली होती, हे काटेवाले आता मोकळेपणाने कबूल करतात.

पत्नी शाळेत गणित शिकवत असे. वर्षानुवर्षे फळ्यापुढे उभे राहून तिचे गुडघे कामातून गेले होते. स्पोर्ट्स कारचे आसन म्हणजे जवळजवळ जमीनच. आत बसणे जमे, बाहेर येणे हा सोहळा असे: आधी दोन्ही पाय बाहेर काढायचे, मग दाराचा वरचा काठ धरायचा, मग श्वास घेऊन थांबायचे, आणि मग कोणीतरी हात द्यायचा. पहिल्या फेरीनंतर तिने आपले म्हणणे स्पष्ट केले.

"मी या खड्ड्यात बसेन. पण आग विझवायचा सिलिंडर आत ठेवणार असाल तर."

"अगं, मोटार आहे ही. कारखाना नाही."

"पेट्रोल आहे ना हिच्यात?"

"सगळ्याच मोटारींत असतं."

"सगळ्या मोटारींतून मला उठता येतं. हिच्यातून येत नाही. आग काय माझ्या गुडघ्यांसाठी थांबून राहणार आहे?"

प्रश्न इतका सरळ होता की त्याला सरळ उत्तर देणे अवघड होते, म्हणून काटेवाल्यांनी वाकडी उत्तरे शोधली. सिलिंडर जड असतो. तो वळणावर खडखडतो. तो बसवायला तळाला भोके पाडावी लागतात. आणि तो दिसतो कसा! नवरदेवाने काखेत दवाखान्याची फाइल घेऊन मिरवावे तसा.

"चार घास कमी जेवा," पत्नी म्हणाली, "तेवढ्या वजनात दोन सिलिंडर मावतील."

ते निवाड्यासाठी गॅरेजवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "ठेवलेला बरा, काका. बहुतेक लोक ठेवत नाहीत ते सोडा." घरी येताना त्यांच्या लक्षात त्यातले दुसरेच वाक्य राहिले होते, आणि तेही अर्धेच.

येथे थोडे थांबले पाहिजे. ओझे कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार आपल्या समाजात बहुधा त्याच्याकडे असतो, ज्याला संकट आल्यावर चटकन बाहेर उडी मारता येते. ज्याला उठायला दुसऱ्याचा हात लागतो, त्याचे संरक्षण नेहमी जादा सामानात मोडते. काटेवाल्यांच्या मनात दुष्टपणाचा कणही नव्हता. त्यांनी फक्त हिशेबाची सुरुवात स्वतःच्या पायांपासून केली होती, आणि ते पाय धडधाकट होते.

तडजोड अनपेक्षितपणे झाली. एका शीतगृहात मोठा जमिनीवरचा काटा दुरुस्त करायला ते गेले असता, कोपऱ्यात पोत्यांमागे एक लहान लाल सिलिंडर पडलेला दिसला. त्यावरची अक्षरे उडाली होती, वरच्या काट्याच्या चकतीचे रंग जुनेपणाने फिके होऊन सगळे एकसारखे पांढुरके झाले होते. "न्या की," शीतगृहाचा मालक म्हणाला, "आम्ही सगळे नवे बसवले." काटेवाल्यांनी सवयीने चकतीकडे पाहिले. बारीक काटा शून्यावर होता. त्यांनी काचेवर बोटाने टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही. त्यांनी सिलिंडर उलटा केला, सुलटा केला, काटा शून्यावरच. इतका स्थिर काटा त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

दुकानात आणून त्यांनी तो मेजावर तोलला. बुडाशी ठोकलेल्या आकड्यांत जे भरलेले वजन होते, त्याच्या निम्म्याहून कमी भरले. आता, कमी भरणारे माप पकडणे हा या माणसाचा धर्म. किराणा दुकानदार त्यांना पाहून पारडे पुसू लागत. पण त्या दिवशी कमी वजन पाहून त्यांना आनंद झाला. कारखानदाराने लबाडी केली आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि ती लबाडी पहिल्यांदाच आपल्या फायद्याची निघाली म्हणून ती खपवूनही घेतली.

"हा घे तुझा सिलिंडर," त्यांनी घरी जाहीर केले. "यंत्र एकदम खरं आहे. काटा बघ, तसूभर हलत नाही."

पत्नीने चष्मा लावून चकतीकडे पाहिले. "शून्यावर आहे हो."

"तेच तर!"

काट्यांच्या बाबतीत या माणसाशी वाद घालायचा नसतो, हे ती संसारात फार लवकर शिकली होती. दोघांच्या आयुष्यातला हा एकच विषय असा होता, की ज्यात ती त्यांना मुकाट्याने मान देत असे. सिलिंडर तिच्या आसनामागे पट्ट्याने बांधला गेला. अट पुरी झाली. ती मोटारीत बसली.

एकवीस फेब्रुवारीला दोघे तिच्या बहिणीकडे निघाले. हवा स्वच्छ होती, छत उघडे होते. गाव मागे पडल्यावर लांब चढ लागतो. तेथे एक बस घरघरत चालली होती. काटेवाल्यांनी तिला मागे टाकले, आणि टाकता टाकता बसच्या ड्रायव्हरला हात हलवला. तो हात आठवला की आजही त्यांचे कान लाल होतात.

"काय गरज होती?" पत्नी म्हणाली.

"अगं, प्रेमानं हलवला."

चढ संपत आला तेव्हा बॉनेटच्या फटीतून धूर निघाला. इंजिनाला पेट्रोल पुरवणारी जुनी रबरी नळी चिरली होती. तिचे वजन नगण्य असल्यामुळे काटेवाल्यांचे लक्ष तिच्याकडे कधी गेलेच नव्हते. त्यांनी मोटार कडेला घेतली. धुराखाली पिवळी जीभ दिसली. ते उडी मारून बाहेर आले, मोटारीला वळसा घालून पत्नीच्या बाजूला धावले, तिचे दार उघडले, तिच्या खांद्यावरून वाकून आसनामागचा पट्टा सोडला, सिलिंडर काढला आणि तो घेऊन पुढे इंजिनाकडे पळाले.

पत्नीने तोवर दोन्ही पाय बाहेर काढले होते आणि एक हात पुढे केला होता.

काटेवाल्यांनी खीळ ओढली, नळी रोखली, दांडा दाबला. काही झाले नाही. पुन्हा दाबला. एक चिमूटभर पांढरी भुकटी त्यांच्या बुटावर पडली. तेवढ्यात बस मागे येऊन थांबली. ड्रायव्हर आपला सिलिंडर घेऊन धावत आला आणि त्याने यांच्या हातातल्या सिलिंडरकडे एकदाच पाहिले.

"ओ काका, रिकामं आहे ते!"

"रिकामं कसं?" मोटार जळत असताना काटेवाले ताडकन म्हणाले. "काटा बरोबर शून्यावर आहे!"

"सरका हो बाजूला!"

ड्रायव्हरने बॉनेटच्या फटीतून भुकटी मारली. पहिला झोत वाऱ्याने त्याच्याच तोंडावर आला. तो खोकला, त्याने मोटारीला, तिच्या मालकाला आणि मालकाच्या पूर्वजांना शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या बाजूने जाऊन सगळा सिलिंडर रिता केला. धूर काळ्याचा पांढरा झाला आणि आग विझली. काटेवाल्यांनी मागे वळून पाहिले. बसची कंडक्टरबाई पत्नीला काखेत हात घालून उठवत होती. "हळू, मावशी. माझ्यावर भार टाका. टाका, टाका, मी काय मोडत नाही."

भार टाका. काटेवाल्यांनी हे शब्द ऐकले, आणि हातातला रिकामा सिलिंडर कोठे ठेवावा हे त्यांना बराच वेळ सुचले नाही.

"मघाशी हात हलवून पुढं गेलात ते तुम्हीच ना?" ड्रायव्हरने चेहरा पुसत विचारले.

"हो."

"मग आता बसा मागं आमच्या."

बसमध्ये लोकांनी सरकून दोघांना जागा दिली. ड्रायव्हरच्या आसनाशेजारची सिलिंडरची कडी रिकामी दिसत होती, आणि पुढचा सगळा रस्ता एकेचाळीस माणसे, त्यांत आता हे दोघे जादा, तशीच गेली. त्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. काटेवाले मात्र त्या कडीकडेच पाहत होते.

बहिणीच्या घरी पोहोचल्यावर त्यांनी पत्नीला विचारले, "तुला शून्याचा संशय आला होता ना?"

"आला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"काट्यातलं तुम्हाला कळतं," ती म्हणाली. "मला वाटलं, निदान तेवढं तरी कळत असेल." मग थोडे थांबून, आवाज न चढवता, ती म्हणाली, "दार उघडलंत तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी उघडलंत."

सारी हकीगत रंगवून सांगताना, हात हलवल्याचा, बुटावर पडलेल्या भुकटीचा, "काटा बरोबर शून्यावर आहे" या आरोळीचा अभिनय ते मनापासून करतात. पत्नीच्या या एका वाक्याशी आले की मात्र चष्मा पुसू लागतात.

पुढचे लवकर सांगता येण्यासारखे आहे. मोटार दुरुस्त झाली. गालिचे परत आले, जादा चाक आले, पत्नीच्या बाजूची झडप आली. गॅरेजवाल्याने तळाला भोके पाडून नवा, जड सिलिंडर पक्का बसवला. आत दाब भरलेला असल्यामुळे त्याचा काटा शून्यावर नव्हे, हिरव्या पट्ट्यात उभा असतो, आणि काटेवाल्यांना तो काही केल्या बिघडलेलाच वाटतो. रिकामा सिलिंडर त्यांनी दुकानात, दगडी मेजाशेजारी ठेवला आहे. गिऱ्हाइकाने विचारले तर म्हणतात, "आमचा गुरू आहे तो. फार अचूक. विझवत काही नाही." दुसऱ्याच दिवशी बसच्या आगारात जाऊन त्यांनी ड्रायव्हरच्या हाती भरलेला सिलिंडर दिला. त्याने आधी काटा पाहिला, मग यांच्याकडे पाहिले आणि तो हसला.

पत्नी आता क्वचितच स्पोर्ट्स कारमध्ये बसते. बसली की उतरताना ते धावत तिच्या बाजूला जातात, दार उघडतात, हात पुढे करतात. ती तो घेते. कधी म्हणते, "अहो, सावकाश. आज आग नाहीये."

बसचा सिलिंडर परत झाला आहे. त्या चढावर द्यायचा राहिलेला हात बाकी आहे.