बसस्टँडवर टांगलेली विहीर

जळगावहून पहिली एसटी धरली तेव्हा माझ्या पर्समध्ये एक पत्र होतं, फक्त सही बाकी. शिरपूरच्या पुढच्या एका गावातले सोनवणे गुरुजी खोटे आकडे पाठवतात, त्यांना उपक्रमातून काढावं, असं त्यात मीच लिहिलं होतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. शाळांनी दर शनिवारी गावची विहीर दोरीनं मोजायची, आकडा पोस्टकार्डावर पाठवायचा आणि आमच्या संगणकानं त्याचा आलेख काढायचा, असा माझा उपक्रम होता. उन्हाळा लागला तशा सगळ्या गावांच्या रेघा खाली घसरल्या. गुरुजींची मात्र सरळ आडवी. घरी बसून कार्ड लिहितोय हा माणूस, दुसरं काय! म्हणून शनिवार गाठून, न कळवताच निघाले.

शिरपूरच्या बसस्टँडवर आमच्या आलेखांचा तक्ता लावलेला होता, गावांच्या नावांसकट. लोक मान वर करून वाचत होते. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

पुढच्या जीपमध्ये मी पाण्याची चौकशी केली, तर शेजारी बसलेले त्याच गावचे एक आबा एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. गावात उतरले तर गुरुजी दोरी खांद्यावर टाकून विहिरीकडेच निघालेले. मला बघून दचकले नाहीत. हे मला जास्तच खटकलं. तयारीचा दिसतोय, म्हटलं.

त्यांनी माझ्यासमोर दोरी सोडली. पाणी अकरा हातांवर. कार्डावर यायचं तेच. मी माझी टेप काढून त्यांची दोरी तपासली. दोरी बरोबर. वाकून पाहिलं, तर खाली खरंच पाणी चमकत होतं. आता मात्र मला कळेना की चिडायचं कोणावर.

तेवढ्यात लक्ष गेलं: कठड्याशी रिकाम्या हंड्यांची रांग आणि बायका नुसत्या उभ्या. मोटर बंद, काठ कोरडा. भर उन्हाळ्यात भरल्या विहिरीपाशी कोणी पाणी भरत नाही? त्यांच्यातल्या एका अक्कांनी मला विचारलं, "मापीसन झायं का? आते पानी भरूत का?" (मोजून झालं का? आता पाणी भरू का?)

गुरुजींनी मान खाली घातली.

हळूहळू उलगडलं. पाणी साचून वर यावं म्हणून गुरुवार संध्याकाळपासून शनिवारच्या मोजणीपर्यंत या विहिरीला कोणी हात लावत नव्हतं. दोन दिवस बायका नदीच्या झिऱ्यातून (वाळूत खणलेल्या खड्ड्यातून) वाटीवाटीनं पाणी आणत होत्या. मी गुरुजींना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, "हो. पण मॅडम, तुमच्या कार्डावर पाणी किती एवढंच विचारलंय. उपसा बंद ठेवला का, ते कुठं विचारलंय?"

मला राग आला, कारण ते खरं होतं.

गावातले वडीलधारे नाना आम्हाला ओट्यावर घेऊन गेले. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा समोर आला. एवढ्या अगत्यामागे काय असेल, हा संशय तेव्हाही गेला नव्हता. नाना शांतपणे म्हणाले, "ताई, सोयरीक बघायला येणारा माणूस आधी विहिरीत डोकावतो. तुम्ही तर आमची विहीर थेट बसस्टँडवर टांगली. गावात लग्नाची पोरं शेत (आहेत), त्यांना पोरी कोण देईल?"

माझा घास हातातच राहिला. पाण्याची जाण यावी म्हणून मी तो तक्ता लावला होता. अक्कांना त्यानं नदीपर्यंत दोन मैल चालायला लावलं होतं.

मी विचारलं, नाव न लिहिता नुसता नंबर टाकला तर? नानांनी मला नीट न्याहाळलं. आता संशय घेण्याची पाळी त्यांची होती. म्हणाले, नंबर कोणाचा ते कोणाला सांगणार नाही ना? मी नाही म्हटलं.

परतताना बसस्टँडवर मी तक्त्याच्या टाचण्या काढल्या. कंट्रोलरनं हटकलं, कोणाच्या परवानगीनं? माझ्याच, म्हटलं. एसटीत पत्र फाडलं.

जळगावला, पिंप्राळ्यातल्या घरी बसून महिनाभर संगणकावर नावांच्या जागी नंबर भरत होते. मग नंबरांचा नवा तक्ता लागला आणि गुरुजींचं कार्ड आलं: पाणी एकोणीस हातांवर. रेघ धाडकन खाली गेली आणि मी चक्क हसले. विहीर आटल्याचा आनंद होणारी मी पहिलीच असेन. मग अक्कांचे हंडे आठवले. या शनिवारी ते सकाळीच भरले असतील.