कुळवावरचं वजन

खरं सांगायचं तर देवाशी माझं कधी भांडण नव्हतं, पण ओळखही नव्हती. मला नकलांची खोड. लोणावळ्याच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल त्यांच्या पाठीमागं करताना सापडलो, आणि छडी खाताना ओरडलो तेही त्यांच्याच आवाजात. मोठा झालो, मोटार शिकलो, एका शेटच्या बंगल्यावर ड्रायव्हर म्हणून लागलो, तरी खोड गेली नाही. देवळात गेलो की हात जोडून पुजाऱ्यासारखा नाकातून म्हणायचो, "आई, लेकरावर किरपा ठेव गंऽऽ." मागची माणसं खुसखुसायची. देवी हसायची की नाही, माहीत नाही. पण एकटा असलो की एक गोष्ट मनात टोचायची. कधी खरंच हाक मारायची वेळ आली तर ती मी कुणाच्या आवाजात मारणार?

ती वेळ माझ्याच फुशारकीमुळं आली. पावसाळ्यात शेट मुंबईला असायचे. गाडी बसून खराब होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा थोडी फिरवून आणायचा हुकूम होता. थोडी म्हणजे किती ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझी मावशी तिकोणा पेठेच्या अलीकडं एका वाडीत राहते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आषाढात दोन दिवस उघडीप मिळाली तसा मी कुसगाव मागं टाकलं, खिंड उतरलो आणि भोंगा वाजवत वाडीत शिरलो. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालली होती. मावशी खाचरातून चिखलाच्या हातांनी धावत आली, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाली, "आरं, हिला चारा काय घालतूस?" मी शेटच्या आवाजात म्हणालो, "ए बाई, हात नको लावू, पॉलिस जाएगा." ती इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं.

बांधावर रोपांच्या मुठी रचल्या होत्या. हसत हसतच तिनं एक मूठ उचलली. तिच्याखाली वेटोळं घातलेलं फुरसं होतं.

घोट्याच्या वर चावलं. पाय बघता बघता सुजायला लागला. वैदूनं बघितलं आणि मान हलवली. "ह्ये माज्या हातचं न्हाई. लोणावळ्याच्या डाक्तरकडं न्या, बिगीबिगी." मावशीचे मालक, आमचे आबा, एरवी मला 'सोंगाड्या' म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी फक्त माझा दंड घट्ट धरला. आम्ही मावशीला मागच्या सीटवर निजवलं आणि निघालो. तेवढ्यात पाऊस परत आला.

खिंडीचा चढ तांबड्या चिकण मातीचा. उतरताना कोरडा लागला होता, आता त्यावर लोणी चोपडल्यासारखं झालेलं. अर्ध्यावर गाडी थांबली. मी रेस दिली. मागची चाकं गरगर फिरली, चिखल मागून ढकलणाऱ्या आबांच्या तोंडावर उडाला, गाडी वीतभरही पुढं गेली नाही. आणखी रेस दिली, चाकं आणखी खाली गेली. मला वाटलं, ओझं कमी करावं. बैलगाडी रुतली की आपण माल उतरवतोच ना? म्हणून मावशीला उचलून झाडाखाली ठेवलं आणि गाडी एकदम हलकी केली. मग परत रेस. आता तर गाडी तिरकी होऊन ओहोळाकडंच घसरायला लागली. ब्रेक दाबून कशीबशी थांबवली. झाडाखाली मावशीच्या हिरडीतून रक्त यायला लागलं होतं.

तिथंच रस्त्याकडेला वाघजाईचा शेंदूर लावलेला दगड आहे. जाणारा-येणारा तिला पान-फूल टाकतो. मी त्याच्याकडं बघून हात जोडले आणि तोंड उघडलं, तर पुजाऱ्याचा नाकातला आवाज निघाला. पुन्हा प्रयत्न केला तर कीर्तनात ऐकलेल्या बुवांचा. तिसऱ्यांदा चक्क हेडमास्तरांचा. हसू नका. मला त्या वेळी स्वतःची जेवढी भीती वाटली तेवढी फुरशाचीही वाटली नव्हती. इतकी वर्षं लोकांचे आवाज गोळा केले आणि माझा कुठंतरी सांडून आलो होतो. शेवटी मी स्टेअरिंगवर डोकं टेकलं आणि तोंडातून एवढंच निघालं, "मला न्हाई जमत गं." तो आवाज कुणाचाच नव्हता. बारीक, घोगरा, शाळेत पहिल्या दिवशी मावशीचा पदर सोडताना निघाला होता तसा.

"जमंल कसं?" खालून कुणीतरी म्हणालं.

खालच्या खाचरातून आवणीच्या पाच बायका वर येत होत्या. डोक्यावर पावसासाठी कामट्या-पानांची इरली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. पुढची बाई साधारण मावशीच्याच वयाची होती. तिनं चाक बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"कुळव हाणलाय का कवा?"

"लहानपणी बैल ओढायचे तेव्हा वर बसायचो."

"का बसवायचे रं तुला? लाडानं?"

मला उमगेना.

"कुळव हलका आसला की वरवर पळतो, फास जमीन धरत न्हाई. म्हून त्याच्यावं वजन ठिवायचं. तू तर आसलं न्हवतं तेवढं वजन उतरवून बसलाईस. घाल तिला मागं. आन आमी बी बसतो."

तिनं स्वतःचं इरलं डोक्यावरून काढलं आणि मागच्या एका चाकापुढं दाबून घातलं. दुसरीनं तिचं दुसऱ्या चाकापुढं. भर पावसात दोघी उघड्या डोक्यानं. मग तिनं मावशीचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं, दोघी तिच्या पायांशी कोंबून बसल्या, दोघी मागं कॅरिअरला धरून उभ्या राहिल्या. शेटच्या पांढऱ्या सीटवर सगळ्या मावळचा चिखल. आबा पुढं बसायला लागले तर तिनं हटकलं, "आबा, तुमी बी मागं. वजन मागंच पायजे."

मी परत रेस द्यायला गेलो.

"हिसका देऊ नगं. बैलाला हिसका दिला की त्यो बसतो. पाय सोड. सोड म्हन्ते ना."

मी पाय जवळजवळ उचललाच. क्लच इतका हळू सोडला की इंजिन बंद पडेल असं वाटलं. चाकं गरगरली नाहीत, हळूच फिरली. खाली इरल्याच्या कामट्या कडकड मोडल्या आणि गाडीनं जमीन धरली. वीत, हात, मग बैलाच्या चालीनं आम्ही खिंडीच्या माथ्यावर आलो.

माथ्यावर त्या उतरल्या. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "बोलत बसू नगं, जा." आरशात बघितलं तर पाच जणी उतरून चालल्या होत्या, दोघींची डोकी उघडी.

डॉक्टरांनी मावशीला सुई दिली. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, म्हणाले. आठव्या दिवशी मावशी उठून बसली आणि दवाखान्यातल्या पेजेला नावं ठेवायला लागली, तेव्हा आबा बाहेर जाऊन रडले. शेट आले तेव्हा सीटवरचा एक डाग निघालाच नव्हता. मी सगळं खरं सांगितलं. डागावरून बोट फिरवत ते म्हणाले, "राहू दे." गणपतीच्या आधी मी दोन नवी इरली घेऊन खिंडीत गेलो. आवणी संपली होती. त्या बायका कुठल्या वाडीच्या ते कुणाला नीट सांगता येईना. आवणीला लांबलांबून येतात. मग इरली वाघजाईपाशी ठेवली. लागतील तिला घेतील.

ती कोण होती याचा वाद मी घालत नाही. माणूस असेल, तर तिचे उपकार जास्तच. मला एवढंच कळलं, की मी जोर लावत होतो तोवर रुतत होतो. आणि जे ओझं म्हणून उतरवलं, त्याच्याच वजनानं वर आलो.

दवाखान्यातून घरी आल्यावर मावशीनं अंथरुणातून विचारलं, "त्या बाईच्या मांडीवं व्हते, पर आता काय धड आठवत न्हाई. कशी बोलायची रं ती? करून दाखीव की."

मी बसलो, खाकरलो, तिच्यासारखी मान केली. साऱ्या मावळच्या नकला करणारा मी. तोंड उघडलं, आणि माझाच आवाज आला, खिंडीत निघाला होता तोच.

मावशी हसली नाही. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "व्हय. आसाच व्हता."