वल्ह्याचा तराजू

कोसिबोल्का सरोवराच्या आग्नेय टोकाला जी लहान लहान बेटं आहेत, त्यांतल्या एकावर एर्मिदा सेकेइरा सुईणपण करायची. बेटावरची निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मलेली. त्यामुळे दाढीमिशा आलेल्या बाप्यांनाही ती भर घाटावर ओरडायची आणि ते मुकाट ऐकून घ्यायचे. स्वभाव मुळातच कुरकुरा. पाव फुगला नाही, होडी उशिरा आली, कोंबडीनं अंडं झुडपात घातलं, तरी एर्मिदाबाईंची सकाळ बिघडायची.

या कुरकुरीच्या तळाशी एक जुनं दुखणं होतं. तिची पहिली मुलगी ओनेइदा तान्हेपणीच गेली. शेजारणी रोज यायच्या, पोरीकडे बघून म्हणायच्या, "आज जरा तरतरीत दिसते हो!" एर्मिदालाही तसंच दिसायचं. रोज थोडी तरतरीत दिसत दिसत पोर तिच्या डोळ्यांदेखत वाळून गेली. तेव्हापासून बाळाच्या बाबतीत ती डोळ्यांवर विश्वास ठेवेना. बाळ वजन करूनच बघायचं, हा तिचा हट्ट.

पण वजन करायचं कशानं? आरोग्य केंद्राकडून पूर्वी मिळालेला स्प्रिंगचा काटा तिच्या माजघरात खुंटीला टांगलेला होता. सरोवराच्या दमट हवेनं तो गंजला होता, आणि कुणा शहाण्यानं त्याला एकदा केळीचा घड लटकवून बघितल्यापासून त्याची स्प्रिंग सैल पडली होती. नवा काटा द्या म्हणून ती सांगून सांगून थकली. केंद्रातला परिचारक हाइरो मुलगा चांगला होता, तिला आदरानं 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब म्हणायचा, पण त्याचं उत्तर ठरलेलं. "दोन्या एर्मिदा, अर्ज पुढे पाठवलाय."

"पुढे म्हणजे कुठे रे? सरोवर ओलांडून समुद्रात?" एर्मिदा विचारायची.

अशात नूबिया बाळंत झाली, आणि दिवस भरायच्या आधीच. नूबिया म्हणजे अबेलिनो कोळ्याची बायको, मुख्य भूमीवरून लग्न होऊन आलेली, जेमतेम विशीची. बाळ मुलगा होता, मांजराच्या पिल्लाएवढा. नशिबानं हाइरो त्या दिवशी बेटावर लशी द्यायला आलेला होता. त्यानं आपल्या पिशवीतल्या काट्यावर बाळ तोललं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "रोज वजन बघा. आठवडाभरात चढलं नाही, तर पैलतीरी सान कार्लोसच्या हॉस्पिटलात आणावंच लागेल." एवढं सांगून तो आपला काटा घेऊन निघून गेला, कारण पुढच्या बेटावरही त्याला तोच लागणार होता.

त्याच्या पाठोपाठ वारा सुटला. त्या दिवसांत वारा सुटला की सरोवर समुद्रासारखं उसळतं. लाँच बंद झाल्या. लहान होडीतून, अंगावर पाणी घेत, एवढंसं बाळ न्यायचं म्हणजे त्याला मारायलाच न्यायचं. तेव्हा उगाच निघायचं नाही, आणि गरज असेल तर जीव मुठीत धरून निघायलाच हवं. गरज आहे की नाही, हे सांगायचं होतं एर्मिदानं. हातात होता तो गंजका काटा.

काटा मात्र खूश होता. पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी सुई खाली, तिसऱ्या दिवशी आणखी खाली. नूबियाची सासू दोन्या त्रान्सितो हिनं तर सांतो दोमिंगो या संतापुढे मेणबत्तीही लावली.

"वाढतोय गं माझा राजा!" ती टाळी वाजवून म्हणाली.

एर्मिदा बाळाच्या मांडीची कातडी दोन बोटांत धरून बघत होती. तिला काही पटेना. तिनं स्वयंपाकघरातून पाट्यावरचा वरवंटा आणला, कापडात बांधून काट्याला लावला, आणि सुई कुठे थांबते तिथे कोळशानं खूण केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. सुई खुणेच्या खाली गेली.

"हे बघा," ती म्हणाली. "वरवंटाही वाढलाय. आता तो कुणाचं दूध पितो ते सांगा मला."

त्रान्सितोचं तोंड उतरलं, मग लाल झालं. "चांगलं चाललेलं तुला बघवतच नाही, एर्मिदा. सुईसुद्धा सुखानं खाली जाऊ देत नाहीस!"

"सुई सैल झालीय, बाई. पोर नाही वाढलेलं."

"मग वाढलंय की नाही?"

"ते मला कुठे माहीत!" एर्मिदा खेकसली. तिचा खरा संताप तोच होता. खोटं उघडं पाडलं, पण खरं काय ते काही हाती लागलं नाही.

त्या दुपारी ती अबेलिनोकडे गेली आणि त्याचं जुनं वल्हं मागितलं. ते त्याच्याच घरात दोरीनं आढ्याला टांगलं. एका टोकाला बाळासाठी कापडाची झोळी, दुसऱ्या टोकाला मासळीची टोपली. दोन्ही रिकामी असताना वल्हं आडवं राहीपर्यंत दोरी इकडून तिकडे सरकवली आणि मग गाठ पक्की केली. वजनं नव्हतीच. घाटावर जाऊन तिनं थैली वाळूनं भरून आणली, बाळाला झोळीत ठेवलं, आणि वल्हं आडवं होईपर्यंत थैलीतली वाळू कमीजास्त केली.

अबेलिनो दारात उभा राहून बघत होता. "दोन्या एर्मिदा, वल्ह्याची एक बाजू आखूड आहे, एक लांब. असला तराजू बाजारात ठेवलात तर लोक मारतील तुम्हाला."

"मला काय बाळ विकायचंय?" ती म्हणाली. "किती वजन आहे, हे मी विचारतच नाहीये. आजच्यापेक्षा उद्या जास्त आहे का, एवढंच बघायचंय. बाळ रोज त्याच बाजूला, वाळू रोज याच बाजूला. मग तराजू खोटा असेना का, रोज तेवढाच खोटा. तो काटा रोज नवं खोटं बोलतो, त्याचं काय करू?"

अबेलिनोला ते पटलं असावं, कारण त्यानं स्वतःच दोरीची गाठ पुन्हा आवळून दिली.

दुसऱ्या दिवशी झोळी जराशी खाली झुकली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी. यावेळी एर्मिदालाही ते खरं वाटलं, पण तिनं चेहऱ्यावर दाखवलं नाही. नूबिया रडायलाच लागली. "म्हणजे माझं दूध पुरतंय ना?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. एर्मिदा "पुरतंय गं" म्हणणार, तेवढ्यात थैली उचलताना तिच्या हाताला काहीतरी वेगळं लागलं. घाटावरून आणली तेव्हा थैली गार आणि गच्च होती. आता कापड कोरडं झालं होतं आणि आतली वाळू पिठासारखी सरकत होती.

तिनं थैलीचं तोंड सोडलं आणि मूठभर वाळू बोटांतून गाळून बघितली.

"काय झालं?" नूबियानं घाबरून विचारलं.

"वाळू वाळली," एर्मिदा म्हणाली. "ओली आणली होती मी. पाणी उडून ती हलकी झाली. बाळ जड झालेलं नाही. मूर्ख बाई आहे मी, शुद्ध मूर्ख!"

नूबियानं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. पोटभर रागावली असती तर बरं झालं असतं. एर्मिदाला ते फिरवलेलं तोंडच जास्त लागलं. दोनदा आपण या पोरीच्या तोंडात आशेचा घास दिला आणि दोनदा काढून घेतला, हे तिला सारखं डाचत राहिलं.

न वाळणारं, न भिजणारं काहीतरी हवं होतं. बेटावरचा दगड काळा, भोकाभोकांचा, पाणी पिणारा. तांदूळ, घेवडा, मका, सगळेच दमट हवेत फुगणारे. शेवटी तिची नजर अंगणात वाळत घातलेल्या जाळ्यावर गेली. जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या होत्या.

"ते शिसं काढ," ती अबेलिनोला म्हणाली.

"अहो, जाळं तरंगेल! मासे काय हाका मारून बोलवू?"

"वाऱ्यात तू कुठे जाणार आहेस मासे धरायला?"

"वारा पडला की जाईन ना! जाळं पुन्हा ओवायला दिवस जातो."

"जाऊ दे दिवस. मुलगा तुझा आहे की माझा?"

अबेलिनो पुटपुटत बसला खरा, पण बोटं सोलवटून घेत त्यानं सगळं शिसं सोडवलं. वल्हं जवळजवळ आडवं होईपर्यंत टोपलीत शिसं घातलं. उरलेली किंचितशी कसर भरून काढायला एर्मिदानं घरातल्या सुया आणि गळ टाकले. त्या टोपलीला मग तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

तरी विघ्न आलंच. एका सकाळी झोळी धाडकन खाली गेली. एर्मिदानं बाळाचं सगळं कापड सोडलं, तर आत लाल दोऱ्यात ओवलेला जस्ताचा जाडजूड ताईत. दृष्ट लागू नये म्हणून त्रान्सितोनं गुपचूप बांधलेला.

"दृष्ट लागायला आधी बाळ गुटगुटीत तरी होऊ दे!" एर्मिदा ओरडली. "बांधायचाच असेल तर रोज बांधा, नाहीतर मुळीच बांधू नका!"

ताईत सोडून पुन्हा तोललं. शिशाची टोपली खाली गेली, झोळी वर आली. आता खोटं बोलायला काहीच उरलं नव्हतं. बाळ उतरत होतं.

नूबिया कळवळून म्हणाली, "पण तो सारखा अंगावर असतो हो! तासन् तास ओढतो."

ओढतो खरा, पण पोटात जातं का? एर्मिदाला एकदम सुचलं आणि आधी कसं सुचलं नाही म्हणून तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारला. पाजायच्या आधी बाळ तोललं. पाजून झाल्यावर, कापड न बदलता, लगेच पुन्हा तोललं. वल्हं जागचं हललं नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच केलं, आणि वल्हं पुन्हा तसंच राहिलं. एवढा वेळ ओढून पोराच्या पोटात जवळजवळ काहीच गेलेलं नव्हतं. ते चोखताना दमून झोपत होतं आणि सगळ्यांना वाटत होतं, पोट भरून झोपलं.

"दूध तुझं कमी नाही, पोरी," एर्मिदा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "यालाच ओढायचं बळ नाही. दूध काढून पाजून बघू; तरीही उतरला, तर वाऱ्यातच होडी काढायची."

मग तिनं नूबियाला दूध हातानं काढायला शिकवलं आणि तुंब्याच्या लहान वाटीतून, बोंडल्यानं पाजावं तसं, थेंब थेंब बाळाच्या ओठांत सोडलं. अर्धं गालावरून ओघळायचं. बाळ ठसकायचं. त्रान्सितो म्हणायची, "गुदमरेल गं!" एर्मिदाचे खांदे भरून यायचे, पाठ मोडायची, आणि ती सगळ्यांवर चिडायची. पण पाजून झाल्यावर तोललं की झोळी जरा खाली यायची. आणि मग एका सकाळी, पाजायच्या आधीच, झोळी टोपलीच्या खाली उतरली. अबेलिनोनं उरलेल्या शिशातली आणखी एक गोळी टोपलीत टाकली. वल्हं आडवं झालं. तोच पहिला दिवस, जेव्हा एर्मिदा घरी जाऊन पोटभर जेवली.

वारा पडला तेव्हा त्रान्सितो म्हणाली, "आता कशाला न्यायचं हॉस्पिटलात? वाढतोय की."

तराजू सांगत होता वाढतोय. पण एर्मिदाला नळी लावून बाळाची छाती ऐकता येत नव्हती, रक्त तपासता येत नव्हतं. निर्णय नूबियानंच घेतला. "मी जाते," ती म्हणाली. "वाटी बरोबर घेते."

सान कार्लोसला त्यांना काही दिवस ठेवून घेतलं. बाळाच्या छातीत थोडा कफ निघाला, त्यावर औषध मिळालं. वाटीनं पाजणं चालूच ठेवा, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं. परत आले तेव्हा पोर अंगावर नीट ओढायला लागलं होतं. त्रान्सितोनं सगळं श्रेय सांतो दोमिंगोला दिलं आणि घाटावर सगळ्यांना मका आणि कोकोचं गोड तिस्ते प्यायला दिलं. एर्मिदाही ते प्यायली, साखर जास्त झाली म्हणाली आणि नूबियाकडून बाळ घेऊन बराच वेळ परत दिलंच नाही.

काही आठवड्यांनी ती स्वतः लाँचनं पैलतीरी गेली आणि नव्या काट्यासाठी आरोग्य खात्याच्या कचेरीतल्या बाकावर ठाण मांडून बसली. दुपारनंतर कंटाळून कुणीतरी आतून एक वजनकाटा आणून तिच्या पुढ्यात ठेवला. मोठ्या माणसांनी वर उभं राहायचा.

"यावर उभं कोण राहणार? तान्हं बाळ?" तिनं विचारलं.

"सध्या हाच आहे, दोन्या. दुसऱ्यासाठी अर्ज करा."

तिनं अर्ज केला, तो काटा तिथेच ठेवला आणि परतीच्या लाँचमध्ये जाऊन बसली. घाटावर उतरल्यावर कळलं, पलीकडच्या वाडीतल्या आरासेलीचे दिवस भरत आलेत, तरी पोट फार लहान दिसतंय. एर्मिदा घरी न जाता तशीच अबेलिनोच्या अंगणात गेली आणि त्याला म्हणाली, पुढच्या वेळी शिसं आणशील तेव्हा जाळ्यापुरतंच आणू नकोस.